उतामाकुरा : परक्या देशातील स्थळ, काव्य आणि प्रवासी

१. प्रास्ताविक

पदवी व पदव्युत्तर वर्गांत प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकविताना एक ठरीव मांडणी आपल्या अंगवळणी पडली आहे. लेखकाचा परिचय, प्रवासाचे प्रयोजन, त्यानंतर 'निसर्गवर्णन', 'समाज व संस्कृतिदर्शन', 'व्यक्तिचित्रे' आणि अखेरीस 'भाषाशैली' अशा कप्प्यांत पुस्तकाची वाटणी केली जाते. प्रश्नपत्रिकाही याच कप्प्यांना अनुसरून निघतात. सोयीच्या दृष्टीने या मांडणीला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते तपासून पाहण्याची गरज आहे. परक्या देशातील निसर्ग हा जणू कोणाच्याही मध्यस्थीवाचून प्रवाशाच्या डोळ्यांसमोर उभा असतो. संस्कृती तेवढी समजून घ्यावी लागते, निसर्ग मात्र नुसता पाहिला की पुरे, असे ते गृहीतक होय.

या गृहीतकाला छेद देणारी एक संकल्पना जपानी काव्यपरंपरेत सुमारे हजार वर्षांपासून रुजलेली आहे. तिला 'उतामाकुरा' असे म्हणतात. मराठी वाचकाला जपान ज्या पुस्तकांतून भेटला त्यांत प्रभाकर पाध्ये यांचे 'तोकोनामा' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' यांचा समावेश होतो. शिरीष पै यांच्यामुळे हायकूही मराठीत परका राहिलेला नाही. असे असूनही ज्या स्थळविचारातून जपानी प्रवाससाहित्य घडले, त्याचा परिचय आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे स्वरूप काही प्रत्यक्ष स्थळांच्या आधारे स्पष्ट करण्याचा आणि प्रवासवर्णनाच्या अध्यापनाला तिचा काय उपयोग होऊ शकेल हे पाहण्याचा प्रयत्न आहे.

२. संज्ञा आणि तिचा विकास

'उता' म्हणजे गीत किंवा काव्य आणि 'माकुरा' म्हणजे उशी. उतामाकुरा या शब्दाचा सरळ अर्थ 'काव्याची उशी' असा होतो. ज्यावर काव्याने डोके टेकावे, ज्याच्या आधाराने कवितेला विसावा मिळावा असा शब्द, ही त्यामागील कल्पना आहे. आरंभी ही संज्ञा कवीला उपयोगी पडणाऱ्या शब्दांच्या संग्रहाला लावीत. अकराव्या शतकातील नोइन या भिक्षुकवीच्या नावे असलेला 'नोइन उतामाकुरा' हा अशाच प्रकारचा कोश आहे. पुढे संज्ञेचा अर्थ संकोचत गेला आणि काव्यात रूढ झालेली स्थलनामे एवढ्यापुरतीच ती मर्यादित झाली.

प्रत्येक स्थलनामाशी विशिष्ट ऋतू, विशिष्ट वस्तू आणि विशिष्ट भाव निगडित झालेला असे. तात्सुता नदी म्हटले की शरदातील लाल पाने आणि योशिनो म्हटले की चेरीचा बहर, असा हा संकेत होता. कवीने केवळ नाव उच्चारावे आणि जाणत्या श्रोत्याच्या मनात त्या स्थळाविषयीच्या सर्व पूर्वकविता जाग्या व्हाव्यात, अशी ही व्यवस्था होती. एकतीस अक्षरावयवांच्या 'वाका' या लहानशा रचनाबंधात एवढी मोठी अर्थसंपत्ती सामावण्याचे हे प्रभावी साधन ठरले.

आपल्या परंपरेत 'कविसंकेत' ही कल्पना आहे. चकोर चांदणे पितो, राजहंस नीर आणि क्षीर वेगळे करतो, हे संकेत सर्वपरिचित आहेत. उतामाकुरा हा स्थळाच्या बाबतीतील कविसंकेत होय, असे स्थूलपणे म्हणता येईल. फरक एवढाच, की चकोराला शोधायला कोणी निघत नाही. स्थळ मात्र भूमीवर असते. त्यामुळे संकेत आणि प्रत्यक्ष यांची गाठ पडण्याची शक्यता तेथे सदैव शिल्लक राहते. उतामाकुरा या संकल्पनेतील सारे नाट्य या शक्यतेतून निर्माण झाले आहे.

३. न पाहिलेली स्थळे, लावलेला निसर्ग

राजधानीतील दरबारी कवींपैकी बहुतेकांनी ही स्थळे पाहिलेली नव्हती. चित्रित पडद्यांवरील दृश्ये पाहून त्यांवर कविता रचण्याची प्रथा होती आणि त्या चित्रांतील पर्वत व नद्याही संकेतानुसार रेखाटलेल्या असत. प्रत्यक्ष प्रवास न करता स्थळाविषयी लिहिणे हा दोष मानला जात नसे.

या संदर्भात नोइनविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील मिचिनोकू प्रांताच्या वेशीवर शिराकावा नावाचे नाके होते. वसंतात राजधानीहून निघालेला प्रवासी तेथे पोहोचेपर्यंत शरद ऋतू लागतो, अशा आशयाची कविता नोइनने रचली. ती त्याने राजधानीत बसूनच केली. पण प्रवास केल्यावाचून तिला वजन येणार नाही असे वाटून तो बराच काळ घरात दडून राहिला, उन्हात बसून त्याने चेहरा रापवून घेतला आणि मग जणू उत्तरेहून परतल्याप्रमाणे ती कविता लोकांपुढे ठेवली, असे ही आख्यायिका सांगते. तिची सत्यता येथे महत्त्वाची नाही. स्थळाच्या कवितेला कवीच्या पायपिटीची साक्ष हवी, ही जाणीव त्या काळी निर्माण होऊ लागली होती, एवढे तिच्यावरून निश्चित कळते.

योशिनो पर्वताचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. 'कोकिन वाकाशू' हा पहिला राजाज्ञेने सिद्ध झालेला काव्यसंग्रह इ. स. ९०५ च्या सुमारास तयार झाला. त्या काळी योशिनो हे नाव मुख्यतः बर्फाशी निगडित होते. पुढे ते चेरीशी जोडले गेले आणि या बदलात सायग्यो (१११८–११९०) या भिक्षुकवीचा वाटा मोठा आहे. त्याने योशिनोत वास्तव्य केले आणि तेथील बहरावर सातत्याने रचना केली. आज या डोंगरावर सुमारे तीस हजार चेरीची झाडे असल्याचे सांगितले जाते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यांचे चार टप्पे मानतात आणि बहर खालून वर चढत जातो.

हा निसर्ग आहे काय? परंपरा सांगते, की एन नो ग्योजा या तपस्व्याने झाओ गोंगेन या देवतेची मूर्ती चेरीच्या लाकडात कोरली. तेव्हापासून हे झाड पूज्य मानले गेले आणि भाविक शतकानुशतके तेथे रोपे लावीत आले. १५९४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने मोठ्या लवाजम्यासह येथे बहराचा सोहळा केला. २००४ मध्ये कीई पर्वतराजीतील तीर्थक्षेत्रांसह या स्थळाचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. डोंगरभर फुललेली चेरी पाहून 'निसर्गाची मुक्त उधळण' असे लिहिणारा परदेशी प्रवासी खोटे लिहीत नाही. परंतु तो जे पाहतो ते श्रद्धेने लावलेले, कवितेने नावारूपाला आणलेले आणि सत्तेने मिरविलेले दृश्य आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. निसर्ग व संस्कृती हे आपले दोन कप्पे योशिनोच्या पायथ्याशीच निकामी होतात.

४. बाशो : संकेताकडून प्रत्यक्षाकडे

मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) याने १६८९ च्या वसंतात एदो, म्हणजे आजचे टोकियो, सोडले आणि सोरा या शिष्यासह तो उत्तरेकडे निघाला. तेथील गणनेप्रमाणे सायग्योच्या निधनाचे ते पाचशेवे वर्ष होते. सुमारे पाच महिन्यांत दोन हजार चारशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून शरदात तो ओगाकी येथे पोहोचला. या प्रवासावर आधारित 'ओकू नो होसोमिची' हा गद्यपद्यमिश्रित ग्रंथ त्याच्या निधनानंतर १७०२ मध्ये प्रकाशित झाला. शीर्षकातील 'ओकू' या शब्दात दूरचा, आतला, खोलवरचा प्रदेश असा अर्थ आहे. एदोवासी माणसाला हा उत्तरेचा मुलूख जवळजवळ परदेशाइतकाच अपरिचित होता. तो त्याला ठाऊक होता केवळ कवितेतून.

म्हणूनच या ग्रंथाकडे पाठ्य व प्रत्यक्ष यांच्या भेटीची बखर म्हणून पाहता येते. शिराकावाच्या नाक्यावर पोहोचल्यावर बाशो पूर्वसूरींच्या रचनांचे स्मरण करतो. स्वतःची रचना तेथे देत नाही. पुढच्या मुक्कामी यजमान विचारतो, की शिराकावा ओलांडताना आपण काय लिहिले? प्रवासाचा शीण, निसर्गाने भारावलेले मन आणि जुन्या कवितांची दाटी यांमुळे तेथे रचना साधली नाही, असे सांगून बाशो एक हायकू पुढे करतो. त्यात त्या भागातील भातलावणीच्या गाण्यांना तो काव्याचा आरंभ मानतो. दरबारी परंपरेने शिराकावाला शरदाचा वारा दिला होता; बाशोने त्याला चिखलात उभ्या असलेल्या माणसांचे गाणे दिले. जुना संकेत त्याने नाकारला नाही. त्याच्या शेजारी आणखी एक पाट मांडला. उतामाकुरा ही परंपरा जिवंत राहते ती अशा रीतीने.

मात्सुशिमा येथील त्याचे वर्तनही विचार करण्याजोगे आहे. पाइनने आच्छादलेली सुमारे दोनशे साठ लहानमोठी बेटे असलेला हा उपसागर. १६४३ मध्ये हायाशी गाहो या पंडिताने देशातील तीन अपूर्व दृश्यांत मात्सुशिमा, आमानोहाशिदाते व मियाजिमा यांची गणना केली आणि ती त्रयी आजही पर्यटकांच्या तोंडी आहे. बाशो तेथील सौंदर्याचे वर्णन करताना चीनमधील दोंगतिंग व पश्चिम सरोवर यांची आठवण काढतो. म्हणजे अपरिचिताला मोजण्यासाठी दुसऱ्या वाचलेल्या स्थळाचाच गज वापरतो. स्वतःचे हायकू मात्र तो ग्रंथात देत नाही, सोराचे देतो. मात्सुशिमाविषयीची एक लोकप्रिय रचना बाशोच्या नावावर खपविली जाते, ती त्याची नव्हे. थोर कवीने या स्थळी मौन पाळावे हे पर्यटनाला सोसले नाही, असेच म्हणावे लागते.

बाशोचा हा ग्रंथ प्रवासाची रोजनिशी नव्हे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या विशेषत्वाने लक्षात आणून द्यावयास हवी. सोराने लिहिलेली खरीखुरी रोजनिशी १९४३ मध्ये प्रकाशित झाली आणि दोहोंतील तफावत उघड झाली. उदाहरणार्थ, वाट चुकून आपण इशिनोमाकी बंदराला पोहोचलो असे बाशो लिहितो. सोराच्या नोंदींवरून तेथे जाणे पूर्वनियोजित होते असे दिसते. प्रवासवर्णन हे ललित साहित्य होय, या आपल्या नेहमीच्या विधानाला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

५. चुकीचे स्थळ, खरा गहिवर

उत्तरेच्या प्रदेशातील काव्यस्थळे कोठे आहेत, हे शोधण्याचे काम सतराव्या शतकात सेंदाई संस्थानाने अगत्याने केले होते. सेंदाई येथे बाशोला काएमोन नावाचा एक चित्रकार भेटला. विस्मृतीत गेलेली ही स्थळे हुडकून काढण्यात त्याने काही वर्षे घालविली होती आणि त्यानेच बाशोला ती दाखविली. परक्या मुलखात स्थळ दाखविणारा स्थानिक जाणकार किती मोलाचा असतो, याची नोंद बाशोने कृतज्ञतेने केली आहे.

त्यांपैकी तागाजो येथील शिलालेखाची हकीकत उद्बोधक आहे. तागा हा आठव्या शतकातील सीमावर्ती किल्ला. तेथील शिळेवर ७६२ हे वर्ष असून किल्ल्याची स्थापना, दुरुस्ती आणि राजधानीपासून व निरनिराळ्या सीमांपासून त्याची अंतरे एवढाच सरकारी मजकूर कोरलेला आहे. जुन्या काव्यात 'त्सुबो नो इशिबुमी' नावाच्या एका दूरच्या शिळेचा उल्लेख येई. तागाची शिळा जमिनीतून वर आल्यावर तीच ती काव्यातील शिळा, असे मानले गेले. डोंगर ढासळतात, नद्या पात्र बदलतात, जुन्या वृक्षांच्या जागी नवे येतात आणि काव्यस्थळे ओळखू येईनाशी होतात, अशी खंत करीत आलेला बाशो या शिळेपुढे उभा राहिल्यावर प्राचीनांचे मनच आपल्याला पाहावयास मिळाले या जाणिवेने गहिवरून गेला.

आज अभ्यासक ही ओळख चुकीची मानतात. काव्यातील शिळा ती नव्हे, असे त्यांचे मत आहे. मध्यंतरी तागाची शिळा बनावट असल्याचीही शंका घेतली गेली होती. परंतु पुढील संशोधनाने ती खरोखरच आठव्या शतकातील असल्याचे सिद्ध झाले आणि २०२४ मध्ये तिला जपानच्या राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. म्हणजे बाशो नावाच्या बाबतीत चुकला, प्राचीनतेच्या बाबतीत चुकला नाही. आणि आज तेथे जाणारा प्रवासी त्या शिळेबरोबरच बाशोच्या गहिवराचेही दर्शन घेतो. चुकीच्या ओळखीनेही स्थळ घडते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने मान्य केली पाहिजे. मात्र चूक ती चूक, हे सांगण्याची जबाबदारी त्याने सोडता कामा नये.

किसाकाता येथे नेमके उलट घडले. पश्चिम किनाऱ्यावरील हे खाजण मात्सुशिमासारखेच बेटांनी भरलेले होते. मात्सुशिमात बाशोला प्रसन्नता जाणवली, किसाकाता येथे विषाद. १८०४ च्या भूकंपात येथील भूमी सुमारे अडीच मीटर उचलली गेली, पाणी ओसरले आणि खाजणाची जमीन झाली. संस्थानाने तेथे भातशेती काढावयास घेतली, तेव्हा कानमान्जी मंदिराच्या प्रमुखाने बेटांच्या टेकड्या सपाट करण्यास विरोध केला. त्यामुळे त्या वाचल्या. आज शेतांच्या मधोमध पाइनच्या टेकड्या उभ्या दिसतात. लावणीपूर्वी शेतांत पाणी साठविले, की काही दिवसांपुरते ते जुने खाजण परत आल्यासारखे वाटते. बाशो नावेतून जेथे फिरला, तेथे आज प्रवासी बांधावरून चालतो. स्थळ बदलले, संहिता तशीच राहिली. आणि त्या संहितेमुळेच स्थळाचा जो अंश वाचविता आला तो वाचला.

६. सुए नो मात्सुयामा : संकेतात दडलेली स्मृती

या संकल्पनेचे सर्वांत गंभीर उदाहरण तागाजो गावातच आहे. 'कोकिन वाकाशू'मधील एका अनामिक प्रांतिक गीतात प्रेमिक शपथ वाहतो, की माझे मन तुझ्यापासून ढळले तर सुए नो मात्सुयामा या टेकडीवरून समुद्राच्या लाटा जातील. असंभवाची ही शपथ पुढील दरबारी कवींना फार आवडली. शतकानुशतके हे नाव प्रेमातील निष्ठा किंवा निष्ठाभंग सुचविण्यासाठी वापरले गेले. लाट हा तेथे केवळ अलंकार होऊन बसला. बाशो येथे आला तेव्हा पाइनच्या झाडांमध्ये त्याला थडगी दिसली आणि जन्मोजन्मीच्या आणाभाकांचा शेवट अखेर येथेच होतो, हा विचार त्याच्या मनात आला.

इ. स. ८६९ मध्ये या किनाऱ्यावर मोठा भूकंप होऊन समुद्र आत घुसला होता. दरबारी इतिहासग्रंथात तागा किल्ल्याच्या परिसरात सुमारे एक हजार माणसे बुडाल्याची नोंद आहे. 'कोकिन वाकाशू' त्यानंतर चाळीस वर्षांच्या आतच सिद्ध झाला. सर्व काही पाण्याखाली गेले, पण या टेकडीवरून पाणी गेले नाही, ही लोकस्मृतीच त्या प्रेमगीतातील शपथेच्या मुळाशी असावी, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. ११ मार्च २०११ रोजी पुन्हा त्सुनामी आली. टेकडीपासून हाकेच्या अंतरावर असलेले 'ओकी नो इशी' हे दुसरे काव्यस्थळ पाण्याखाली गेले. सुए नो मात्सुयामा मात्र कोरडे राहिले आणि आसपासच्या लोकांना तेथे आसरा मिळाला.

हा तर्क पूर्णपणे सिद्ध झाला आहे असे म्हणता येणार नाही. तरीही तो स्वीकारार्ह मानला, तर त्यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या परस्परविरोधी आहेत. काव्याने एका आपत्तीची खूण हजारांहून अधिक वर्षे जपली, ही पहिली गोष्ट. ती खूण इतकी सुंदर होऊन बसली, की तिच्यातील इशारा वाचण्याचे भान वाचकांना उरले नाही, ही दुसरी. स्थळाचे काव्यात रूपांतर होणे हे जतनही आहे आणि विस्मरणही आहे.

आज ही टेकडी घरांच्या वस्तीत आहे. एका मंदिरामागे उंच पाइनची दोन झाडे उभी आहेत, एवढेच तेथे दिसते. ज्याला नाव ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने तेथे पाहण्यासारखे काहीही नाही. परक्या देशात 'प्रेक्षणीय' म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर या दोन झाडांइतके नेमकेपणाने क्वचितच मिळेल.

७. काव्यस्थळाकडून पर्यटनस्थळाकडे

अठराव्या शतकात रस्ते सुरक्षित झाले, ईसेसारख्या तीर्थांची यात्रा सामान्य जनांच्या आवाक्यात आली आणि स्थळाची कल्पनाही दरबाराबाहेर पडली. 'मेइशो' म्हणजे नाव असलेले, नावाजलेले ठिकाण. १७८० मध्ये क्योतो नगरीतील अशा ठिकाणांची सचित्र माहिती देणारा 'मियाको मेइशो झुए' हा ग्रंथ निघाला आणि त्या धर्तीवर इतर प्रांतांचेही ग्रंथ तयार झाले. १८३३–३४ मध्ये हिरोशिगेने एदो व क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावरील त्रेपन्न मुक्कामांची मुद्राचित्रे काढली. त्यांत पाऊस, बर्फ आणि डोंगर आहेत. त्याचबरोबर हमाल, चहाची दुकाने आणि घाईने चाललेले वाटसरूही आहेत. येथेही दृश्य व समाज यांची फारकत नाही.

विसाव्या शतकात शासनाने या स्थळांना कायद्याचे संरक्षण दिले. १९१९ च्या कायद्यात ऐतिहासिक स्थळे, रमणीय स्थळे व नैसर्गिक स्मारके यांचा एकत्र विचार केलेला आहे. १९७० मध्ये राष्ट्रीय रेल्वेने 'डिस्कव्हर जपान' ही मोहीम काढून शहरी तरुणांना आपलाच देश परका समजून पाहण्याचे आवाहन केले. २०१४ मध्ये बाशोच्या ग्रंथात आलेल्या अनेक स्थळांना त्या ग्रंथाच्याच नावाने एकत्रितपणे रमणीय स्थळांचा दर्जा देण्यात आला. एका प्रवासवर्णनाच्या पृष्ठांवरून संरक्षित भूमीची यादी तयार व्हावी, ही घटना साहित्याच्या सामाजिक सामर्थ्याविषयी बरेच काही सांगून जाते. अर्थात पाटी लावली म्हणजे स्थळ वाचले गेले असे होत नाही. पाटीवरचे नाव वाचून छायाचित्र घेणारा प्रवासी आणि न पाहता कविता रचणारा दरबारी कवी यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही.

८. मराठी संदर्भ

उतामाकुरा ही जपानी संकल्पना जशीच्या तशी मराठीवर बसविणे योग्य होणार नाही. तथापि, संहितेमुळे स्थळ घडणे हा अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही. महानुभाव पंथातील 'स्थानपोथी' हे त्याचे ठळक उदाहरण होय. श्रीचक्रधरांच्या लीळा जेथे घडल्या त्या स्थानांचे वर्णन या पोथीत आहे. कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेला, स्थान नेमके कोठे, हे ती काटेकोरपणे सांगते. लीळाचरित्राने जे स्थळ पावन केले, ते पुढील पिढ्यांना सापडावे म्हणून तिची रचना झाली. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती अभ्यासकांना उपलब्ध झाली आहे. तिच्यात निसर्गवर्णनाचा हव्यास नाही. म्हणून तिला प्रवाससाहित्याच्या चर्चेत आपण सहसा स्थान देत नाही. उतामाकुराच्या प्रकाशात पाहिल्यास हा निकष किती अपुरा आहे ते कळून येते.

दुसरे उदाहरण रामटेकचे. 'मेघदूत'मधील रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक होय, हे मत वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. सर्वच विद्वानांनी ते मानले नाही. परंतु आज रामटेकच्या टेकडीवर कालिदासाचे स्मारक आहे आणि आषाढात तेथे जाणाऱ्या रसिकाला दिसणारा मेघ हा केवळ मेघ राहिलेला नाही. तागाजोच्या शिळेप्रमाणेच येथेही स्थाननिश्चितीचा वाद आणि रसिकाचा अनुभव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दोहोंची नोंद अभ्यासकाने वेगवेगळी ठेवावयास हवी.

फरकही तितकेच महत्त्वाचे आहेत. आपल्याकडे स्थळाला महत्त्व येते ते प्रामुख्याने देवता, अवतार किंवा संत यांच्या संबंधाने, आणि माहात्म्यग्रंथ ते महत्त्व फलश्रुतीने बांधून टाकतात. उतामाकुराच्या स्थळाला पुण्य नसते; त्याला पूर्वकवींची सोबत असते. तीर्थावर यात्रेकरू पापक्षालनासाठी जातो. काव्यस्थळी कवी आपल्या शब्दांची कसोटी घेण्यासाठी जातो.

९. समारोप

या विवेचनाचा अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष असा काढता येईल. प्रवासवर्णनातील निसर्गचित्रणाची चर्चा करताना 'लेखकाने निसर्ग किती सुंदर रंगविला आहे' या प्रश्नाने आरंभ करण्यापेक्षा पुढील तीन प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. हे स्थळ प्रेक्षणीय आहे असे प्रथम कोणी, कोणत्या शब्दांत ठरविले? ते शब्द लेखकाला ठाऊक आहेत काय, की तो आपल्याच देशातून नेलेल्या उपमांनी स्थळ मोजतो आहे? आणि स्थळाने त्या शब्दांना कोठे नकार दिला, हे त्याला दिसले काय? 'तोकोनामा' व 'पूर्वरंग' यांसारखी पुस्तके या प्रश्नांसह पुन्हा वाचता येतील. विदेशाविषयीच्या अलीकडील मराठी लेखनाला तर हे प्रश्न विचारणे अगत्याचेच आहे. प्रवास सुलभ झाल्यामुळे अशी पुस्तके आज भरपूर निघतात आणि त्यांतील वर्णने एकमेकांसारखी होत चालली आहेत. त्यामागे निरीक्षणाच्या उणिवेइतकेच वाचनाच्या उणिवेचेही कारण आहे.

परंतु केवळ वाचनही पुरेसे नाही, हे सुए नो मात्सुयामाने शिकविले आहे. त्या गीतातील लाट ही खरोखरची लाट असू शकेल, हे अनेक शतके टेकडीपासून दूर बसून वाचणाऱ्यांना सुचले नाही. परक्या देशातील स्थळ पाहावयाचे तर आधी ते वाचावे लागते. आणि जे वाचले त्याची शहानिशा करावयाची तर तेथे जाऊन उभे राहावे लागते. बाशो दोन्ही करीत होता. म्हणून शिराकावाच्या वेशीवर त्याला जुन्या कवितांच्या दाटीतूनही भातलावणीचे गाणे ऐकू आले.